हातभर अंतरावरचा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्लॉगिंगसाठी खिशात मावणारा कॅमेरा कसा निवडावा, याबद्दल बरीच पत्रं आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत. उत्तरांत फोकल लेंथचे, म्हणजे लेन्स किती रुंद बघते हे सांगणारे, मिमीमधले जे आकडे येतील (लहान आकडा म्हणजे जास्त रुंद), ते ३५ मिमी फुलफ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या हिशेबातले आहेत. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘समतुल्य’ म्हणून हेच आकडे दिलेले असतात.

प्रश्न: तीन कॅमेरे पाहून ठेवलेत. एकाची लेन्स २४-१०० मिमी आहे, दुसऱ्याची १८-५०, तिसऱ्याला झूमच नाही, नुसती २० मिमी. पैसे तेवढेच जाणार असतील तर जास्त झूमवाला घेतलेला बरा ना? मी कॅमेरा हातात धरूनच बोलतो.

हातात धरून बोलणार असाल तर झूमचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि लहान आकडा बघा. १०० मिमीवर स्वतःचं चित्रण करायला तुमचा हात पुरणार नाही. २४, २० की १८, यावरच तुमचा व्हिडिओ कसा दिसेल ते ठरतं.

हिशेब सोपा आहे. ३६ ला (ही फुलफ्रेमची रुंदी) फोकल लेंथने भागा आणि कॅमेऱ्यापासून चेहऱ्याच्या अंतराने गुणा. त्या अंतरावर चौकटीत किती रुंदी मावते ते कळतं. हात लांब करून धरला की कॅमेरा चेहऱ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर येतो. म्हणजे २४ मिमीला ९० सेंटिमीटर, २० मिमीला १०८ आणि १८ मिमीला १२० सेंटिमीटर रुंदी मिळते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण दोन्ही खांद्यांनीच चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर खाल्ले, की मागचं दृश्य दाखवायला काय उरतं ते बघा.

खरी मेख पुढे आहे. चालताना चित्र हलू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू केलं की कॅमेरा चौकटीच्या कडा कापतो. किती कापतो हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं, पण सव्वापट धरून चाला. २४ मिमीची लेन्स त्या क्षणी ३० मिमीची होते आणि चौकटीत ७२ सेंटिमीटरच मावतात. चेहरा आणि खांद्यांनी पडदा भरून जातो, आणि तुम्ही बाजारात उभे आहात की घरात, हे बघणाऱ्याला कळत नाही. सोनी झेडव्ही-१ आणि कॅनन जी-७ एक्स मार्क ३ हे दोन्ही कॅमेरे २४ मिमीपासून सुरू होतात. ते घेऊन चालत बोलणारे म्हणूनच छोटी हातकाठी वापरतात. तिच्यामुळे मिळणारे वीस सेंटिमीटर लाखमोलाचे असतात. सोनीने २०२३च्या झेडव्ही-१ मार्क २ मध्ये लेन्स १८-५० मिमी केली. २०२५मध्ये आलेला कॅननचा व्ही-१ तर फोटोला १६ आणि व्हिडिओला १७ मिमीपासून सुरू होतो.

तुमच्या यादीपुरतं सांगायचं तर हातात धरून बोलायला १८-५० उत्तम. समोरची माणसं, दुरून दिसणारी वस्तू किंवा पानावरचा पक्षी तुमच्या व्हिडिओत वारंवार येत असेल, तरच २४-१००चा विचार करा, आणि मग हातकाठीही सोबत घ्या. झूम नसलेली २० मिमी वाईट नाही, पण तिच्यात जवळ जायचं तर पायांनीच जावं लागतं. मार्क २ निवडलात तर एक लक्षात असू द्या: त्यात ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे कडा न कापता लेन्समधली काच हलवून चित्र सावरणं, नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक आहे. त्याचा परिणाम पुढच्या उत्तरात येतोच आहे.

प्रश्न: दिवसा चालताना व्हिडिओ छान स्थिर येतो. रात्री त्याच रस्त्यावर, त्याच सेटिंगला, दिवे थरथरल्यासारखे दिसतात आणि मधूनच चित्र पुसट होतं. कॅमेरा बिघडलाय का?

नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनची मर्यादा तुमच्या लक्षात आली आहे, एवढंच.

कॅमेरा एकेक फ्रेम घेतो आणि मग आधीच्या फ्रेमशी जुळेल अशी ती सरकवतो. दिवसा शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, १/५०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेम स्वच्छ असते. सरकवली तरी काही कळत नाही. रात्री शटर १/५० वर येतं. तेवढ्या वेळात पाऊल टेकल्याचा धक्का बसला तर ती फ्रेम मुळातच फराटलेली निघते. सॉफ्टवेअर ती जागेवर आणून ठेवतं, पण तिच्यातला फराटा पुसू शकत नाही. चित्र जागच्या जागी आणि दिवा मात्र फराटलेला, म्हणून थरथर दिसते.

उपाय तीन. शटर १/१०० करा आणि त्यासाठी आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) दुप्पट होऊ द्या. थोडे दाणे दिसतील, पण थरथर बरीच कमी होईल. नाहीतर रात्री जास्त कापणारा मोड बंद करून साधा ऑप्टिकल मोड ठेवा (मार्क २ मध्ये तो नाही) आणि उभं राहून बोला. तिसरा उपाय गिंबलचा, म्हणजे मोटरवर कॅमेरा तोलून धरणाऱ्या दांडीचा. गिंबल फ्रेम घेतली जात असतानाच कॅमेरा स्थिर धरतो, त्यामुळे फराटा उमटतच नाही. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ मध्ये एक इंची सेन्सर थेट तीन अक्षांच्या गिंबलवर बसवलेला आहे, वजन १७९ ग्रॅम आणि लेन्स २० मिमी. रात्री चालत बोलणाऱ्याला आम्ही आधी हाच सुचवू.

गिंबलकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. कॅमेरा वळणं, झुकणं आणि तिरका होणं तो सावरतो. तुमच्याबरोबर वरखाली होणारी चौकट सावरत नाही. ती पायांनीच सावरावी लागते. गुडघे किंचित वाकवा, आधी टाच मग चवडा टेका, पावलं लहान ठेवा. काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालतो, तसं.

पॉकेट ३ मध्ये ऑप्टिकल झूम नाही, तो पाण्यापासून सुरक्षित नाही आणि त्याची बॅटरी बदलता येत नाही. पावसात, पाण्यात, सायकलच्या हँडलवर वापर होणार असेल तर तो गोप्रोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्याचा प्रांत आहे. मात्र ॲक्शन कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, आणि संध्याकाळ झाली की ते जाणवतं.

प्रश्न: चित्र सुंदर येतं, आवाज मात्र पोकळ, लांबून बोलल्यासारखा. बाहेर गेलं की नुसती घरघर. महागातला कॅमेरा घेतला तर आवाज सुधारेल का?

सुधारेल, पण अगदी थोडा. आवाजाचा प्रश्न अंतराचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, म्हणजे २० सेंटिमीटरवर लावलेला माइक आणि ६० सेंटिमीटरवरच्या कॅमेऱ्यातला माइक यांत साडेनऊ डेसिबलचा फरक पडतो. कॅमेरा दोन मीटरवर तिपाईवर ठेवला तर तोच फरक २० डेसिबलचा होतो. आसपासचा गोंगाट मात्र दोन्हीकडे तेवढाच असतो. भिंतींवरून परत आलेला आवाज तुमच्या थेट आवाजाच्या बरोबरीला येतो, आणि पोकळपणा येतो तो त्यातूनच.

म्हणून कॅमेरा घेताना ३.५ मिमीचा माइक जॅक आहे का, हे सगळ्यात आधी बघा. नसेल तर त्याच कंपनीचा वायरलेस माइक थेट जोडता येतो का ते विचारा. पॉकेट ३ ला जॅक नाही, पण डीजेआय माइक २ चा ट्रान्समीटर (कपड्यावर लावायचा भाग) त्याला थेट जोडता येतो. जॅक असलेल्या कॅमेऱ्यात माइक कुठे बसवायचा हाही प्रश्न असतो. जी-७ एक्स मार्क ३ वर माइक अडकवायला हॉट शूच, म्हणजे माथ्यावरची खाच, नाही आणि त्याचा पडदा वरच्या बाजूला उघडतो, त्यामुळे बाजूला पट्टी लावून त्यावर माइक बसवावा लागतो.

माइक घेतल्यावर नेमकं काय चुकतं, तेही सांगतो. पहिली चूक पिनची. मोबाइलसाठीच्या माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनवर दोन. तीन रेघांची पिन कॅमेऱ्यात घातली तर बऱ्याचदा आवाज येतच नाही, किंवा अगदी बारीक येतो. दोन रेघांची केबल घ्या. आवाज नाही म्हणून कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नका.

दुसरी चूक ऑटो लेव्हलची. तुम्ही बोलायचं थांबलात की कॅमेरा शांतता ‘भरून काढायला’ आवाज वाढवतो आणि सूं असा आवाज वर येतो. पुन्हा बोललात की पहिला शब्द फुटतो. मेनूत जाऊन रेकॉर्डिंग लेव्हल मॅन्युअल करा आणि अगदी खालच्या टप्प्यावर आणा. मग रिसीव्हरचा (वायरलेस माइकचा कॅमेऱ्याला जोडलेला भाग) आउटपुट हळूहळू वाढवा. नेहमीच्या आवाजात बोलताना पडद्यावरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचली पाहिजे. हसलात किंवा ओरडलात तरी शून्याला टेकता कामा नये. शून्यावर फुटलेला आवाज नंतर कशानेही सांधता येत नाही. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना हेडफोनची जागा नसते, तेव्हा क्लिप फोनवर घेऊन ऐका. कंटाळा येतो, पण एवढं कराच.

बाहेरच्या घरघरीला डेडकॅट लावा, म्हणजे माइकवर बसणारी केसाळ टोपी. नुसता स्पंज पंख्याच्या वाऱ्याला पुरतो, मोकळ्या मैदानातल्या वाऱ्याला नाही. आणि कपड्यावरचा माइक साखळी, स्कार्फ किंवा जॅकेटच्या चेनपासून चार बोटं दूर असू द्या.

प्रश्न: फोन चांगला आहे. वेगळा कॅमेरा खरंच लागतो का?

सुरुवातीला नाही. पैसे आधी वायरलेस माइकवर घाला. बघणारे थोडं मऊ चित्र सहन करतात, न कळणारा आवाज सहन करत नाहीत.

कॅमेऱ्याची गरज पडते ती तीन कारणांनी. फोनचा चांगला कॅमेरा मागच्या बाजूला असतो आणि त्यातून स्वतःचं चित्रण करताना पडदा दिसत नाही; पुढचा कॅमेरा दुबळा असतो. फोन चित्रणात अडकला की त्याचं फोन म्हणून काम थांबतं. आणि पुष्कळ फोन फ्रेमचा वेग प्रकाशाप्रमाणे कमी-जास्त करतात, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांब क्लिपमध्ये ओठांपासून सरकत जातो. ही तीन कारणं तुम्हाला रोज सतावत असतील तर कॅमेरा घ्या.

घेताना ‘एक इंची सेन्सर’ म्हणजे काय ते माहीत असू द्या. तो एक इंच नसतो. १३.२ × ८.८ मिमीचा असतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव राहिलंय. स्वस्त कॉम्पॅक्ट, म्हणजे छोट्या कॅमेऱ्यांमध्ये येणाऱ्या १/२.३ इंची सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ चौपट असतं, आणि घरातल्या दिव्यात हा फरक उघड दिसतो.

प्रश्न: भर दुपारी चेहरा पांढराफटक पडतो. शटर वाढवलं की चेहरा ठीक होतो, पण हातवारे झटके दिल्यासारखे दिसतात. आणि खोलीत ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकतात.

दोन्हीचं मूळ शटरमध्ये आहे. हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटायला शटर फ्रेमच्या वेगाच्या साधारण दुप्पट हवं: २५ फ्रेमला १/५०, ३० ला १/६०.

आता दुपारचा हिशेब मांडू. त्यात एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र: आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. लख्ख उन्हात आयएसओ १२५ ला एफ/१६ आणि १/१२५ हे बरोबर एक्सपोजर असतं. लेन्स एफ/१.८ वर उघडी ठेवलीत तर तेवढ्याच उजेडासाठी शटर १/१०००० च्या आसपास न्यावं लागतं. प्रत्येक फ्रेम गोठलेली येते, म्हणून हातवारे तुटक दिसतात. इथे एनडी फिल्टर लागतो. तो लेन्सचा गॉगलच. झेडव्ही-१ मध्ये तो आतच आहे आणि साधारण तीन स्टॉप उजेड अडवतो (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). तो चालू करून लेन्स एफ/८ वर आणली की शटर १/६० ला येतं आणि हिशेब जुळतो. फक्त एनडी चालू करून एफ/१.८ वरच राहिलात तर शटर १/१२५० ला अडकेल, हे विसरू नका. पॉकेट ३ मध्ये आतला एनडी नाही. त्याला चुंबकाने चिकटणारे फिल्टर मिळतात.

पट्ट्यांचं कारण विजेचा वेग. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि २५ फ्रेमवर चित्रण करा. ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० आणि ३० फ्रेम. मेनूत हे अनुक्रमे पाल आणि एनटीएससी या नावांनी असतं. काही कॅमेऱ्यांत ते बदलल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून घरीच बदलून घ्या.

प्रश्न: एकच व्हिडिओ आडवाही हवा आणि उभाही. दोनदा चित्रण करावं लागेल का?

नाही. ४के मध्ये आडवं चित्रण करा. ३८४० × २१६० च्या चौकटीतून उभा तुकडा कापला तर तो १२१५ × २१६० मिळतो, आणि उभ्या व्हिडिओला लागतात १०८० × १९२०. बरोबर पुरतं. फुल एचडीमधून कापाल तर ६०७ च्या आसपास पिक्सेल रुंदी हाती लागते आणि चित्र पिठूळ दिसतं. बोलताना मात्र चौकटीच्या मधोमध राहा आणि हातातली वस्तू चेहऱ्याच्या बाजूला धरण्यापेक्षा खाली, छातीसमोर धरा.

प्रश्न: वीस मिनिटांत कॅमेरा तापून बंद पडतो. बॅटरीही पटकन संपते.

छोटं अंग, आतून निघणारी उष्णता जास्त, आणि ती बाहेर टाकायला जागा नाही. कॅननने व्ही-१ मध्ये पंखा घातला तो यासाठीच. पंखा नसेल तर एवढं करा. मेनूत उष्णतेने आपोआप बंद होण्याची मर्यादा असेल तर ती ‘हाय’ करा; सोनीच्या झेडव्ही कॅमेऱ्यांत ती सुरुवातीला ‘स्टँडर्ड’वर असते. पडदा उघडून पाठीपासून दूर ठेवा. चित्रण चालू असताना चार्जिंग करू नका, त्याने उष्णतेत भर पडते. दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा. आणि सलग तासभर बोलायचं असेल, हालचाल नसेल, तर फुल एचडी वापरा.

छोट्या बॅटरीवर ४के चित्रण तासाभराच्या आसपासच होतं, चालू-बंद करत राहिलात तर त्याहूनही कमी. बॅटरी बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याबरोबर दोन जादा बॅटऱ्या धरूनच खर्च मांडा. पुष्कळ कॉम्पॅक्टमध्ये तिपाईच्या स्क्रूची जागा बॅटरीच्या झाकणाला इतकी चिकटून असते की प्लेट लावली की झाकण उघडत नाही. लहान प्लेट घ्या, नाहीतर दर बॅटरीला सगळा डोलारा उतरवावा लागेल.

प्रश्न: मेमरी कार्ड कोणतं घेऊ?

व्ही३० चा शिक्का असलेलं. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. सेकंदाला १०० मेगाबिटच्या (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) ४के चित्रणाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लागतात, म्हणजे मिनिटाला ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटच्या कार्डात सव्वा तास मावतो, १२८ मध्ये अडीच तासांहून जास्त. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला १५० किंवा २०० चा वेग वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. नवं कार्ड एकदा कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा; नकली कार्ड तिथेच उघडं पडतं. नंतर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

प्रश्न: नवा परवडत नाही. वापरलेला झेडव्ही-१ बघायला जाणार आहे. काय तपासू?

स्वतःचं कार्ड आणि एक साधा माइक घेऊन जा, आणि अर्धा तास हाताशी ठेवा.

आधी कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स दर वेळी एकाच वेगाने, एकाच आवाजात बाहेर यायला हवी. करकर किंवा मध्येच थांबणं म्हणजे वाळू गेली आहे. झूम शेवटपर्यंत नेऊन आणा आणि दोन्ही टोकांना जवळच्या-दूरच्या वस्तूवर फोकस बसतो का ते बघा.

मग एफ/११ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यांसकट बघा. करडे गोल डाग दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही, पूर्ण कॅमेरा खोलावा लागतो. एनडी चालू-बंद करून उजेड खरंच कमी-जास्त होतो का तेही बघा.

पडदा उघडा, फिरवा, आणि फिरवताना चित्र लुकलुकतंय का यावर नजर ठेवा. बिजागरीतली केबल झिजली की ती आधी असंच करते. माइक लावून बोलत असताना पिन हलकेच डोलवा. कडकड आली तर जॅक सैल झालाय. यूएसबीची जागाही अशीच तपासा. झेडव्ही-१ ला जुनी मायक्रो-यूएसबी आहे, ती जोराने घालून-काढून ढिली होते.

बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलीय. मेनूची भाषा बदलून बघा. जपानच्या बाजारासाठीच्या सोनी कॅमेऱ्यांत फक्त जपानी मेनू असतो आणि तो नंतर बदलता येत नाही. शेवटी ४के लावून पंधरा मिनिटं सलग चित्रण करा आणि तोवर किमतीचं बोला. मध्येच बंद पडला तर आधी उष्णतेची मर्यादा ‘स्टँडर्ड’वर आहे का बघा; ती ‘हाय’ असूनही सावलीत पंधरा मिनिटं टिकत नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नका.